भिंतीवरचं विणकाम दर वेळी लोंबतं? आधी चार जागी माप घ्या

गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. "मावशी, अगं परत तेच झालं. टांगलं तेव्हा छान सरळ होतं. आता दांडीखाली आत गेलंय आणि खालून चार बोटं वाढलंय." दिवाणखान्यात लावायचा, वेणीच्या नक्षीचा विणलेला पट्टा. रुंदी ४५ सेंटीमीटर, लांबी ७५. हा तिचा तिसरा प्रयत्न होता. पहिल्या वेळी तिने लोकरीला दोष दिला, दुसऱ्या वेळी दांडीला. दोन्ही बदलून झालं, तरी लोंबणं गेलं नाही.

ही तक्रार मला नवी नाही. आमच्या सोसायटीत बुधवारी दुपारी आम्ही सात-आठ जणी विणायला बसतो. स्वेटर अगदी सफाईने करणाऱ्या बायकांचंही भिंतीवरचं काम बिघडताना मी पाहिलं आहे. स्वेटर अंगावर बसतो; खांदे, छाती, दंड त्याला ठिकठिकाणी उचलून धरतात, आणि काढला की तो घडी होऊन कपाटात पडतो. भिंतीवरच्या तुकड्याला धरायला वरची एकच ओळ असते. बाकी सगळं वजन तिच्यावर, रात्रंदिवस. स्वेटरच्या सवयीने विणलं की इथे चुकतं, आणि विणणारीला वाटतं आपला हात बिघडला. हात बिघडलेला नसतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

काहीही उसवण्याआधी

"लोंबतं" हा एकच शब्द आपण चार-पाच वेगळ्या दुखण्यांना वापरतो, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. म्हणून आधी टेप घ्या. तुकडा भिंतीवर असतानाच चार जागी रुंदी मोजा: दांडीला लागून, तिथून वीतभर खाली, मधोमध आणि तळाला. मग तीन जागी लांबी: डावी कड, मध्य, उजवी कड. शेवटी एका दोऱ्याला किल्ली बांधून त्याचा ओळंबा करा आणि कडेशेजारी धरा. सगळे आकडे तारखेसकट वहीत लिहा. आठ दिवसांनी पुन्हा मोजा.

आकडे बोलतात. दांडीला रुंदी पूर्ण, वीतभर खाली सगळ्यात कमी आणि तळाकडे पुन्हा वाढत गेलेली असेल, तर वीण सैल आहे आणि वजन टाक्यांवर येतं आहे. वरच्या ओळी खालच्या सगळ्यांचं ओझं पेलतात, म्हणून त्यांचे टाके जास्त ताणून लांबट होतात. टाका लांब झाला की तो अरुंद होणारच. तळाच्या ओळींवर काहीच ओझं नसतं, त्या जशा विणल्या तशाच राहतात. रुंदी नीट पण मधली लांबी कडांपेक्षा जास्त असेल, तर कडेची वीण आणि मधली वीण यांच्या ओळींची उंची जुळलेली नाही. कड ओळंब्याच्या दोऱ्यापासून तिरकी जात असेल, तर दोष सुताच्या पिळात आहे. आणि फक्त तळ झालरीसारखा फाकला असेल, तर वेणीच्या नक्षीने वरची रुंदी खेचून घेतली आहे.

भाचीकडून मी आकडे मागवले. दांडीला ४५, वीतभर खाली ३९, मध्ये ४१, तळाला ४४. लांबी ७५ची ८२ झालेली. म्हणजे पहिलं दुखणं, अगदी ठळक.

सुईचा नंबर

तिला नमुना मीच लिहून दिला होता, हाताने, वहीच्या पानावर. आठ पदरी लोकर, १० नंबरच्या सुया. तिने तिकडच्या दुकानातून १० नंबरच्या सुया आणल्या. इथेच सगळं फसलं होतं, आणि तीन तुकडे होईपर्यंत आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.

आपल्याकडे अजून जुनी ब्रिटिश पद्धत चालते. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची सव्वातीन, १२ नंबरची पावणेतीन. अमेरिकेत नेमकं उलटं: नंबर वाढतो तशी सुई जाड होते. तिथली ८ नंबरची ५ मिलिमीटरची, १० नंबरची पूर्ण ६. मी सांगितलेल्या सुईच्या जवळजवळ दुप्पट जाड सुईवर तिने विणलं. रुंदी जास्त येते आहे हे तिला दिसलं होतं, पण तिने टाके कमी केले आणि पुढे गेली. स्वेटरला आपण हेच करतो ना, माप जुळवायला टाके कमी-जास्त. माप जुळलं, वीण मात्र जाळीसारखी राहिली. आपली १० नंबरची सुई तिकडे ३ नंबर म्हणून मिळते. परदेशातल्या मुलीबाळींना नमुना पाठवणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: नंबर लिहू नका, मिलिमीटर लिहा. आणि नंबर पुसलेल्या जुन्या सुया असतील, तर भोकांची मापपट्टी घेऊन ठेवा. सुई ज्या भोकात न अडकता आणि न खुळखुळता जाते, तोच तिचा नंबर.

सुई योग्य असली तरी भिंतीसाठी ती दोन नंबरांनी बारीक घ्यावी असं माझं मत आहे. आठ पदरी लोकरीच्या स्वेटरला मी ८ नंबर घेते, भिंतीच्या कामाला १०. माझ्या हाताला साध्या सुलट विणीत (एक ओळ सुलट, एक उलट) ८ नंबरवर दहा सेंटीमीटरला २२ टाके बसतात, १० नंबरवर २५. तीन टाक्यांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण कापड हातात घेतल्यावर कळतं. पहिलं झुळझुळतं, दुसरं उभं राहतं. स्वेटर असा विणला तर अंगावर पत्र्यासारखा लागेल. भिंतीला तेच हवं. शिवाय घट्ट विणीत उंच-सखल नक्षीची सावली जास्त गडद पडते, आणि असल्या कामाची सगळी शोभा त्या सावलीत असते.

बारीक सुईवर वेणी घालताना बोटं दुखतात हे खरं आहे. रोज थोडं विणा, पण सुई वाढवू नका.

नमुन्याचा चौकोन टांगून बघा

नमुना चौकोन विणून बघण्याचा आपल्याकडे कंटाळा असतो, आणि केला तरी तो टेबलावर सपाट ठेवून मोजतात. भिंतीच्या कामाला सपाट माप फसवं आहे. पंधरा सेंटीमीटरचा चौकोन विणा, त्यात खरी नक्षी घाला, धुवा, वाळवा, मोजा. मग वरची कड चार चिमट्यांनी दोरीवर लावा आणि खालच्या कडेला आणखी चार-पाच कपड्यांचे चिमटे लावून ठेवा. हे चिमटे म्हणजे पुढे येणाऱ्या वजनाची जागा. दोन दिवसांनी लांबी मोजा. पंधराचे साडेपंधरा झाले तर चालेल. सोळाच्या पुढे गेलं तर सुई किंवा धागा बदला. हे दोन दिवस वाचवले, तर पुढे दोन महिने उसवण्यात जातात.

धागा कोणता

दुकानात "लोकर" म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं. लुधियानाहून येणाऱ्या गुंड्यांमध्ये शुद्ध लोकर, मिश्रण आणि ॲक्रिलिक सगळंच असतं, वेष्टन वाचल्याशिवाय कळत नाही. वेष्टन हरवलं असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून बघा, खाली पाण्याची ताटली ठेवून. ॲक्रिलिक वितळून टोकाला कडक काळा मणी होतो. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते.

हे जाणून घेणं महत्त्वाचं, कारण दोघांना आकार देण्याची रीत वेगळी आहे. लोकर भिजवून, टाचण्या लावून वाळवली की त्या आकारात बसते; ओल्या केसांना वळण देऊन वाळवावं तसंच आहे ते, दोन्हींचं द्रव्य एकच, केराटिन. ॲक्रिलिकला पाण्याने काही होत नाही, ते वाफेला वळतं. पण इस्त्री टेकवली तर संपलं. धागा मऊ पडतो, वेण्या सपाट होतात, कापड ओल्या फडक्यासारखं लोंबतं आणि ते पुन्हा कधीच उठत नाही. आमच्यातल्या एका वहिनींचं चार महिन्यांचं काम पाच मिनिटांत असं गेलं. त्यांना रडू आवरेना. इस्त्री दोन बोटं वर धरायची, वाफ सोडायची, आणि पूर्ण थंड होईपर्यंत टाचण्या काढायच्या नाहीत.

सुती धागा सुंदर दिसतो, टाके कोरल्यासारखे उठतात, आणि पांढऱ्या भिंतीवरचं पांढरं सुती विणकाम मला स्वतःला फार आवडतं. पण सूत जड असतं आणि त्याला लोकरीसारखी परतण्याची ओढ नसते. एकदा ताणलं की ताणलं. सुती तुकडा असेल तर खाली सांगितलेलं अस्तर टाळूच नका. लिननचा, म्हणजे जवसाच्या खोडातून निघणारा धागा फार कमी ताणतो. अमेरिकेतल्या मेरी वॉकर फिलिप्स (१९२३–२००७) मूळच्या मागावर विणणाऱ्या. १९६०च्या दशकात त्यांनी दोन सुयांचं विणकाम कपड्यांतून काढून कलाकृती म्हणून भिंतीवर नेलं, आणि त्यांच्या कितीतरी कामांत लिननचाच धागा आहे. तो बोटांना कडक लागतो, चुका लपवत नाही, पण भिंतीवर इमानदार राहतो.

आता माझ्या आवडत्या धाग्याबद्दल. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर, जिची घोंगडी होते. अंगाला टोचते म्हणून स्वेटरला कोणी घेत नाही. भिंतीसाठी मात्र मला तिच्याइतकं दुसरं काही पटत नाही. काळा, करडा, तपकिरी असे मूळचे रंग, राठ तंतू, टाका घातला की जागचा हलत नाही. पण तिची एक खोड आहे, आणि तिने माझे दोन तुकडे वाया घालवले.

तुकडा तिरका होतो तेव्हा

घोंगडीचं हाताने कातलेलं सूत एकेरी असतं, म्हणजे एकाच दिशेने पिळलेला एकच पदर. मागावर ते ताणून बसतं आणि बाण्याने बांधलं जातं, म्हणून गप्प राहतं. सुयांवर प्रत्येक टाका हा मोकळा फास असतो. त्या फासात अडकलेला पीळ उलगडायला बघतो, प्रत्येक टाका किंचित एकाच बाजूला कलतो, आणि हजार टाके एकाच बाजूला कलले की सबंध चौकोनाचा पतंग होतो. स्वस्तातला टी-शर्ट दोन-चार धुण्यांनंतर कडेची शिवण पोटावर आणतो, ते याच कारणाने. टाचण्या लावून सरळ केला तरी महिन्याभरात तो पुन्हा कलतो.

तपासायला सोपं आहे. सुताचा हातभर तुकडा घ्या, दोन्ही टोकं एकत्र धरा आणि मध्य सोडा. फास स्वतःभोवती गरगर फिरून दोरी वळली, तर पीळ अस्वस्थ आहे. जरासा फिरून थांबला तर हरकत नाही.

उपाय दोन, आणि मी दोन्ही एकदम करते. गुंडीची लडी करा, चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, पिळू नका, आणि दांडीवर टांगून खाली हलकं वजन अडकवून वाळवा. मी लाकडी हँगर अडकवते. वाळताना पीळ बऱ्यापैकी शांत होतो. दुसरा उपाय नक्षीत आहे. साध्या सुलट विणीत सगळे टाके एकाच तोंडाचे, म्हणून कलणं साठत जातं. सुलट आणि उलट टाके आलटून-पालटून आले की कल एकमेकांना मारतात. साबुदाणा वीण (एक टाका सुलट, एक उलट, पुढच्या ओळीत अदलाबदल), चौकटीची वीण, दोन सुलट दोन उलट टाक्यांचे ठोकळे, यांत एकेरी सूत सरळ राहतं. म्हणून दख्खनी सुताचा मधला भाग मी कधीच साधा सुलट ठेवत नाही. दोन गुंड्यांचे धागे नुसते जोडीने विणून काही साधत नाही, कारण दोन्ही पदर एकाच दिशेने पिळलेले असतात आणि ते मिळून एकाच बाजूला ओढतात. दोन पदर उलट दिशेने वळून दुहेरी सूत केलं तर प्रश्नच मिटतो, पण त्याला चाती हवी आणि वेळ हवा.

कडा

साध्या सुलट विणीच्या डाव्या-उजव्या कडा मागे वळतात, वरची आणि खालची कड पुढे वळते. हा विणणारीचा दोष नाही, त्या विणीचा स्वभाव आहे. इस्त्रीने, टाचण्यांनी, मागून चिकटपट्टी लावून तो जात नाही, कृपा करून तसं करू नका. चारही बाजूंना सपाट राहणारी वीण हवी.

बहुतेक जणी त्यासाठी सगळ्या ओळी सुलट, म्हणजे गार्टरची कड घेतात. इथे दुसरा घोळ होतो. माझ्या हाताला सुलट विणीत दहा सेंटीमीटरला २८ ओळी येतात, गार्टरमध्ये ४०च्या आसपास. ओळी तेवढ्याच, पण कड आखूड पडते. मग कडा वर खेचतात आणि मधलं पोट पुढे येतं. "मधून लोंबतं" म्हणून दाखवलेल्या तुकड्यांमध्ये हे मी पुष्कळदा पाहिलं आहे, आणि त्यावर खाली वजन लावणं हा उपाय नाही, त्याने पोट आणखी वाढतं. गार्टरच हवी असेल तर दर चार ओळींनंतर फक्त कडेच्या टाक्यांवर दोन जादा ओळी घाला: कडेचे पाच टाके विणा, वळा, तेच पाच परत विणा, मग नेहमीची पूर्ण ओळ. दोन्ही कडांना सारखं करा आणि वहीत खूण करत जा.

मी स्वतः साबुदाणा विणीची सहा टाक्यांची कड घेते. ती सपाट राहते आणि मधल्या विणीशी जास्त जुळवून घेते.

गार्टरबद्दल आणखी एक. तिच्या आडव्या घड्या हार्मोनियमच्या भात्यासारख्या असतात, उभ्या ओढल्या की उघडतात. पूर्ण गार्टरचा लांब तुकडा टांगला तर तो भाता उघडतच जाणार. त्याच विणीचा तुकडा आडवा विणा, म्हणजे जी भिंतीवर लांबी होणार तेवढे टाके सुईवर घाला आणि रुंदीपर्यंत ओळी विणत जा. टांगल्यावर घड्या उभ्या येतात आणि वजनाने भाता उघडत नाही. लांब गोल सुई लागते, एवढंच.

तळ फाकतो तेव्हा

वेणीत टाके एकमेकांवरून जातात, म्हणून तेवढ्याच टाक्यांना रुंदी कमी पडते. खालच्या कडेला साबुदाणा वीण, वर लगेच वेण्या, आणि टाके तेवढेच ठेवले, की वरचा भाग आकसतो आणि तळ फुगतो. कडेला टाके कमी घाला आणि नक्षी सुरू होते त्या ओळीत प्रत्येक सहा टाक्यांच्या वेणीखाली दोन टाके वाढवा. वर कड सुरू करताना तेवढेच कमी करा. टाके बंद करतानाही वेणीवरचे टाके दोन-दोन एकत्र घेऊन बंद केले की वरची कड लाटांसारखी होत नाही.

वजन टाक्यांवरून काढून घ्या

वीण कितीही घट्ट असली तरी शेवटी ती फासांची आहे. म्हणून वजन दुसऱ्या कशावर तरी द्यायचं. माझ्या मते सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे मांजरपाट. आधी धुवून घ्या, नाहीतर पुढे आटेल. तुकडा भिजवून, आकाराला टाचण्या लावून वाळवा. टाचण्या लावताना वेण्या रुंदीत ओढू नका, फक्त कडा सरळ करा, नक्षी वर ठेवा. वाळला की त्याच मापाचं अस्तर मागे ठेवा आणि हातशिलाईने वरची कड आणि दोन्ही बाजू जोडा. तळ मोकळा सोडा. मग मुख्य काम: दर दहा-बारा सेंटीमीटरवर वरून खाली उभ्या ओळीत सैल टाके घाला, विणीच्या उलट बाजूचा एकेक फास अस्तराला पकडत. गोधडीला घालतो तसे, पण पुढून दिसू न देता. आता प्रत्येक वीतभर भागाचं वजन त्या-त्या जागी कापडावर जातं, आणि मांजरपाट काही लोंबत नाही.

दांडीसाठी विणलेल्याच भागाची घडी घालून नेफा करतात, ते मला पसंत नाही. नेफा अस्तराच्या कापडाचा करा, तुकड्याच्या सबंध रुंदीभर. लोकरीचे पाच-सहा फास करून दांडीत ओवले तर प्रत्येक दोन फासांमध्ये वरची कड झोळी होते. दांडी नको असेल तर संग्रहालयांत कापडं लावतात तशी वेल्क्रोची पट्टी लावा: पट्टी सुती कापडावर मशीनने शिवायची, ते कापड हाताने अस्तराला, आणि वेल्क्रोची दुसरी बाजू भिंतीवरच्या लाकडी पट्टीला. वजन सगळ्या रुंदीवर सारखं वाटलं जातं.

दांडीसुद्धा वाकते. बारीक लाकडी काडी अर्धा मीटर रुंदीला मध्ये बाक धरते आणि दोष विणकामाला लागतो. पडद्याची पोकळ धातूची दांडी घ्या, किंवा चांगला जाड बांबू. एका खिळ्यावरून त्रिकोणी दोरीने टांगण्यापेक्षा दोन खिळे मारा, प्रत्येक टोकापासून साधारण पाव अंतर आत.

घोंगडी विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून अस्तराला ती लावू का असं मला विचारतात. कडकपणा छान येतो, पण आपल्या पावसाळ्यात खळीवर बुरशी आणि कसर दोन्ही येतात. मी लावत नाही.

झालेल्या तुकड्याचं काय

सगळं उसवावं लागतंच असं नाही. वाढलेला तुकडा उतरवा आणि दोन दिवस सतरंजीवर सपाट पडू द्या. लोकरीचा असेल तर कोमट पाण्यात भिजवा, न चोळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, आणि वाढलेली लांबी हाताने वर ढकलत मूळ मापाला टाचण्या लावा. गरम पाणी आणि मग गार पाणी असं करू नका, लोकर आटून नमद्यासारखी होईल. वाळल्यावर अस्तर आणि उभे टाके. लांबीत दहातला एक भाग वाढला असेल, तर एवढ्याने भागतं. त्याहून जास्त असेल किंवा वीण उजेडाला धरल्यावर जाळीसारखी दिसत असेल, तर उसवा. मनाला लागतं, मला ठाऊक आहे, पण अस्तराने सैल वीण घट्ट होत नाही. उसवलेली लोकर लगेच विणू नका. तिला नागमोडी वळण बसलेलं असतं, त्यावर टाके लहान-मोठे येतात. लडी करून भिजवा, टांगून वाळवा, मग गुंडी करा.

पावसाळ्याचं वेगळं सांगते. बाहेरच्या बाजूची भिंत जून ते सप्टेंबर ओल धरते. लोकर हवेतली वाफ शोषते, ओला हात लागल्यासारखं वाटायच्या आधीच तिच्यात खूप पाणी शिरलेलं असतं, आणि ओलसर वीण सुटी पडते. आतल्या भिंतीला जागा बदला. ते शक्य नसेल, तर अस्तराच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून जाड लाकडी बटणं शिवा, म्हणजे मागून हवा खेळेल. खऱ्या लोकरीला कसर लागते, म्हणून महिन्यातून एकदा उतरवून झटका, सावलीत वारा द्या. नक्षीच्या खोबणीत आणि नेफ्यात जास्त बघा, अळ्या अंधारात राहतात.

भाचीने तिसरा तुकडा उसवला. या वेळी सुया सव्वातीन मिलिमीटरच्या, कड साबुदाण्याची, मागे धुतलेलं सुती कापड. मांजरपाट तिकडे मिळालं नाही, बिनब्लीचचं मलमलीपेक्षा जाड कापड मिळालं. टांगून तीन आठवडे झाले. काल तिने आकडे कळवले: ४५, ४४, साडेचव्वेचाळीस, ४५. लांबी ७५ची साडेपंचाहत्तर. पुढचं माप ऑगस्टमध्ये घ्यायला सांगितलं आहे, तेव्हा तिकडची हवा दमट असते.